उघड्यावरच्या लग्नाचं शूटिंग आणि दर वेळी बिघडणारा आवाज

चित्र झकास आलेलं असतं. उन्हाची तिरीप, फुलांची कमान, दोघांचे चेहरे, सगळं जिथल्या तिथे. हेडफोन लावला की मात्र नुसती भसभस आणि गडगड, आणि तिच्या मागे कुठेतरी कोणीतरी आयुष्यभराची शपथ घेतंय. मग एडिटिंगला बसल्यावर नॉइज रिडक्शन लावायचं, कमी पडलं की आणखी ताणायचं, आणि शेवटी अर्धामुर्धा वारा तसाच आणि बोलणारा माणूस पाण्याखालून बोलतोय असा ट्रॅक हाती येतो. पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

हे पुन्हा पुन्हा घडतं, कारण दोन वेगळ्या तक्रारींवर एकच औषध चालवलं जातं. जनरेटरची घरघर, रस्त्यावरची वाहनं, पाहुण्यांची कुजबुज हे खरेखुरे आवाज असतात. ते हवेतून माईकपर्यंत येतात. वाऱ्याची भसभस मात्र हवेतून आलेली नसते. वाहती हवा माईकवर आदळते, तिथे भोवरे तयार होतात आणि दाबातल्या त्या चढउतारांनी माईकचा पडदा हलतो. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला ती भसभस ऐकूच आलेली नसते. म्हणून वारा माईकच्या तोंडाशीच अडवावा लागतो आणि गोंगाटावर मात करायची तर माईक बोलणाऱ्याच्या जवळ न्यावा लागतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते ऐका

लॅपटॉपच्या स्पीकरवर हे कळणार नाही, त्यातून खालचे सूर धड बाहेरच पडत नाहीत. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, सगळ्यात वाईट वाटणारा अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा आणि चित्राकडे न बघता ऐका.

वाऱ्याचं वागणं बेभरवशी असतं. तो येतो, जातो, डाव्या चॅनलवर वेगळा आणि उजव्यावर वेगळा ऐकू येतो. खात्री करायची असेल तर त्या तुकड्यावर तात्पुरता 150 हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्या आकड्याखालचे सूर कापणारा) लावा, चांगला तीव्र उताराचा. भसभस बरीचशी ओसरली तर तो निव्वळ वारा आहे आणि काम सोपं आहे. भसभस गेली पण प्रत्येक झोताबरोबर शब्दांवर चरचर उरली, तर वाऱ्याने रेकॉर्डिंगची कमाल पातळी (लेव्हल) ओलांडली आहे, आवाज फाटला आहे. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते सूर किती आहेत हे दाखवणारं चित्र, उघडला तर हा फरक डोळ्यांनाही दिसतो: साधा वारा बहुतांशी तळाशी, साधारण 200 हर्ट्झच्या खाली साचलेला असतो, फाटलेल्या जागी तळापासून माथ्यापर्यंत उभ्या रेघा उमटलेल्या असतात.

कॉलर माईकवर कपडा घासल्याची खसखस अनेक जण वारा समजून बसतात. ओळखायची खूण सोपी आहे. चित्र चालू करा. माणूस वळला, हात उचलला, कोणाला मिठी मारली की आवाज येत असेल तर तो कपडा आहे. खसखस वरच्या पट्टीतही पसरलेली असते, त्यामुळे हाय-पासने ती जात नाही.

एकसुरी, न थांबणारी गुणगुण असेल तर ती वीजपुरवठ्याची, पंख्याची किंवा जनरेटरची. बोलणं थांबलं की मागचा गोंगाट हळूहळू फुगतो आणि पहिला शब्द आला की एकदम दबतो, असं होत असेल तर कॅमेऱ्याचं ऑटो गेन (लेव्हल आपोआप वर-खाली करणारी सोय) चालू राहिलेलं आहे. आणि आवाज मध्येच क्षणभर पूर्णच गायब होत असेल तर तो वायरलेसचा सिग्नल तुटतोय. त्याचा वाऱ्याशी काही संबंध नाही. असे बरेचसे वायरलेस संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणसाचं शरीर ती लहर चांगलीच अडवतं. ट्रान्समीटर कमरेला मागे आणि रिसीव्हर समोरच्या कॅमेऱ्यावर, मध्ये अख्खा माणूस, अशी मांडणी असेल तर सिग्नल तुटणारच.

वारा: फोम, फर आणि माईकची जात

माईकसोबत येणारी फोमची टोपी ही मुळात बोलताना तोंडातून निघणाऱ्या हवेसाठी आणि खोलीतल्या पंख्याच्या झुळकेसाठी पुरते. मोकळ्या मैदानात, किनाऱ्यावर किंवा गच्चीवर तिच्या भरवशावर राहू नका. तिथे फरचं कव्हर लागतं, ज्याला सगळे डेडकॅट म्हणतात ते. लांब केसांमध्ये वाऱ्याचा वेग थोडा थोडा करून मोडतो आणि माईकच्या भोवती शांत हवेचा एक थर राहतो. खरं काम तो थरच करतो. त्यामुळे कव्हर माईकला घट्ट चिकटलेलं असण्यापेक्षा मध्ये थोडी पोकळी असलेलं बरं, आणि जोरदार वाऱ्यात जाळीचा पिंजरा आणि त्यावर फर ही जोडी सगळ्यात चांगली. फर ओली झाली किंवा केस एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की संरक्षण कमी होतं आणि बोलण्यातला वरचा स्पष्टपणाही दबतो. ब्रशने केस विंचरून मोकळे करायला मिनिटभर लागतं. बॅगेत एक जुना ब्रश टाकून ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणतंही कव्हर करू शकत नाही. झाडांची सळसळ, झेंड्यांची आणि मांडवाच्या कापडाची फडफड हे वाऱ्यामुळे होणारे पण खरेखुरे आवाज आहेत. ते फरमधूनही आत येतात. फडफडणाऱ्या कापडाला दोन चिमटे लावणं किंवा ते बांधून घेणं हा त्यावरचा उपाय, आणि तो कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच करता येतो.

आता माईकची जात. शॉटगन आणि कार्डिऑइड माईक एका दिशेने ऐकतात ते पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबातल्या फरकावर. नेमक्या याच रचनेमुळे ते वाऱ्याला फार हळवे असतात. सगळ्या दिशांनी ऐकणारा ऑम्नी माईक वाऱ्यात खूपच शांत राहतो. बहुतेक कॉलर माईक ऑम्नी असतात, हे आपलं नशीब. त्यामुळे वारा जास्त म्हणून कॅमेऱ्यावर आणखी महागडा शॉटगन चढवायचा हा विचार उलटा आहे. वाऱ्याच्या जागी लहानसा ऑम्नी कॉलर माईक, त्यावर फरचा छोटा गोंडा, आणि तो बोलणाऱ्याच्या छातीवर, ही मांडणी जवळजवळ नेहमी जिंकते.

आणखी एक फुकटची मदत: जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो. फुलांच्या मांडणीत किंवा समोरच्या मेजावर लपवलेला राखीव रेकॉर्डर उंच स्टँडवर टांगण्यापेक्षा खाली, पानांच्या आडोशाला ठेवला तर त्यात कमी वारा शिरतो. फक्त पानं माईकला टेकणार नाहीत एवढं बघा.

कॉलर माईक लावायचा कसा

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आवाजाची निम्मी लढाई इथेच लागते आणि नेमकं इथेच घाईघाईत क्लिप अडकवून मोकळं होण्याची पद्धत आहे.

जागा छातीच्या मध्यभागी, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. त्याहून वर गेला की हनुवटीच्या आडोशाने आवाज बसका येतो. फार खाली गेला की गोंगाटाचा वाटा वाढतो. वाऱ्याची दिशा आधी बघा. दोघं समोरासमोर उभे राहणार असतील तर एकाच्या छातीवर वारा येणार आणि दुसऱ्याच्या पाठीवर. पाठीवर वारा घेणाऱ्याच्या कॉलर माईकमध्ये दोघांचंही बोलणं नीट येतं, कारण त्याचंच अंग आडोसा धरतं. एकच संच असेल तर तो कोणाला लावायचा, याचं उत्तर यातच आलं.

माईक कपड्याच्या आत लपवायचा असेल तर कापड स्वतःच वाऱ्याचा पडदा बनतं, पण घासण्याचा धोका वाढतो. वैद्यकीय चिकटपट्टीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची त्रिकोणी घडी घाला, चिकट बाजू बाहेर राहील अशी. एक त्रिकोण माईकच्या पुढे, एक मागे. माईकचं तोंड मोकळं. आता मागचा त्रिकोण आतल्या कपड्याला किंवा त्वचेला आणि पुढचा बाहेरच्या कपड्याला चिकटवा. दोन्ही कापडं आणि माईक आता एकत्र हलतात, एकमेकांवर सरकत नाहीत, आणि सरकलं नाही की खसखस नाही. त्वचेला लावायच्या आधी पट्टी चालते का, हे विचारून घ्या. मग माईकच्या लगेच खाली वायरचं नाण्याएवढं वेटोळं करून तेही पट्टीने बसवा. वायरीला हिसका बसला तर तो वेटोळ्यापर्यंतच थांबतो. शेवटी त्या व्यक्तीला म्हणा, "जरा वळा, हात वर करा, शेजारच्याला मिठी मारा," आणि तुम्ही हेडफोनवर ऐका. रेशीम आणि कडक जाळीचं कापड फार कुरकुरतं. तसं काही दिसलं तर माईक लपवायचा हट्ट सोडा आणि फरच्या गोंड्यासकट बाहेर दिसू द्या. फ्रेममध्ये एक काळा ठिपका दिसला म्हणून लग्न बिघडत नाही, शपथ ऐकू आली नाही तर नक्की बिघडतं.

गळ्यातला हार, साखळी किंवा कोटाला टाचलेली फुलं माईकवर टकटक आपटतात. माईक लावल्यानंतर हे दागिने चढणार आहेत का, तेही आधीच विचारा.

लो-कट आणि लेव्हल

लो-कट, म्हणजे तोच हाय-पास फिल्टर, एडिटिंगमध्ये लावता येतोच की, मग शूटिंगच्या वेळी कशाला? कारण फाटलेला आवाज. वाऱ्याच्या झोतात खालच्या सुरांची ताकद बोलण्याच्या कितीतरी पट असते. तिने इनपुट भरून गेला की त्या क्षणाच्या सगळ्याच आवाजाचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटणीतून तयार झालेली चरचर बोलण्याच्या पट्ट्यात येऊन बसते. नंतर 150 हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकलं तरी चरचर जात नाही. माईकवर किंवा ट्रान्समीटरवर लो-कटची कळ असेल तर ती उघड्यावर चालूच ठेवा, 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झ आणि स्त्रियांचा 165 ते 255 हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे एवढ्याने आवाज पातळ होत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूतला वारा कमी करण्याचा पर्याय मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत फक्त आतल्या माईकला लागू होतो. बाहेरचा माईक जोडल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

ऑटो गेन बंद. हाताने लेव्हल लावा, मोठ्याने बोलल्यावर टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास यावीत (मीटरवर 0 ही कमाल मर्यादा). रेकॉर्डरमध्ये सुरक्षा ट्रॅकची सोय असेल तर तीही चालू करा. तोच आवाज कमी लेव्हलवर दुसऱ्यांदा नोंदवला जातो आणि अचानक झालेल्या जल्लोषात तोच कामी येतो. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ.

32 बिट फ्लोट (फार मोठा आणि फार हळू आवाजही न छाटता नोंदवणारी पद्धत) असलेला रेकॉर्डर घेतला की आता लेव्हलची चिंता मिटली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रेकॉर्डिंगमध्ये 0 डेसिबलच्या वर गेलेला आवाज नंतर खाली आणता येतो, हे बरोबर. पण वाऱ्याने माईकचाच पडदा त्याच्या मर्यादेपलीकडे हलवला असेल, किंवा वायरलेस ट्रान्समीटरच्या आतच आवाज फाटून पुढे आला असेल, तर रेकॉर्डर फाटलेलाच आवाज अगदी इमानदारीने जपून ठेवतो. फरच्या गोंड्याला तो पर्याय नाही. वायरलेसच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती मात्र जरूर वापरा. सिग्नल तुटला तरी ती फाइल अखंड मिळते.

गोंगाट: अंतर कमी करा, बाकी नंतर

उघड्यावर माईकचं बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, आणि दूरवरचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. चार मीटरवरच्या कॅमेऱ्यावरून छातीवरच्या पाव मीटरवर माईक आणला म्हणजे अंतर चार वेळा निम्मं झालं: साधारण 24 डेसिबलचा फायदा, तोही बोलण्याला जराही धक्का न लावता. कोणतंही सॉफ्टवेअर एवढं देत नाही. म्हणूनच कॅमेऱ्यावरचा शॉटगन आवाज जुळवायला आणि वातावरणासाठी ठेवावा, बोलण्यासाठी नाही. शिवाय शॉटगनची नळी खालच्या सुरांना फारशी दिशा देऊ शकत नाही. जनरेटरची घरघर बाजूने आली तरी तो ती ऐकतोच.

जनरेटर कुठे ठेवणार, हे आयोजकाला आदल्या दिवशी विचारा. तो विधीच्या जागेपासून दूर, शक्यतो इमारतीच्या किंवा भिंतीच्या पलीकडे गेला तर तुमचं निम्मं एडिटिंग वाचलं. हलवणं शक्य नसेल तर कार्डिऑइड माईकची पाठ जनरेटरकडे करा, त्याची सगळ्यात बहिरी बाजू तीच.

भाषणांसाठी साउंड सिस्टीम असेल तर मिक्सरवरून थेट आवाज घ्या. ऑपरेटरला कार्यक्रमाच्या बराच आधी भेटा आणि वेगळा ऑक्स आउटपुट (मुख्य स्पीकरखेरीज आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) मागा, तोही प्री-फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या (फेडरच्या) आधीचा. म्हणजे शिट्टी वाजायला लागली म्हणून त्याने फेडर खाली घेतला तरी तुमचा आवाज खाली जात नाही. मिक्सरचा लाइन लेव्हल, म्हणजे माईकपेक्षा खूप जोरकस सिग्नल, कॅमेऱ्याच्या माईक इनपुटला सरळ जोडला तर आवाज फाटणारच, तेव्हा रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर ठेवा किंवा मध्ये पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. जोडल्याबरोबर गुणगुण सुरू झाली तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारी वीज. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन्ही उपकरणं विजेने वेगळी ठेवणारा डबा) लावा. किंवा छोटा रेकॉर्डर बॅटरीवर चालवून मिक्सरपाशीच ठेवून द्या, म्हणजे वीजजोडणीचा प्रश्नच उरत नाही. आणि ऑपरेटर नकार देत असेल तर वाद घालू नका. कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरपासून मीटरभर अंतरावर रेकॉर्डर ठेवा, गेन बराच खाली घ्या. आवाज थोडा डब्यातला वाटेल, पण प्रत्येक शब्द कळेल.

निघण्याआधी एक मिनिट कोणी बोलत नसतानाचं त्या जागेचं रेकॉर्डिंग घ्या, त्याच माईकने. ते कशाला, ते पुढे येतंच आहे.

आवाज आधीच बिघडून आला असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. फाटलेलं शिवणं, मग खालचा सूर कापणं, मग गुणगुण आणि गोंगाट, मग टोन, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर (मोठा आणि हळू आवाज एकमेकांच्या जवळ आणणारं साधन). कॉम्प्रेसर आधी लावला तर तो बोलण्यातल्या फटींमधला गोंगाट वर उचलतो आणि पुढची सगळी साफसफाई अवघड होते.

तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. समजा त्यात पुरुषाचा आवाज आहे, मूळ सूर 120 हर्ट्झच्या आसपास, आणि मध्ये तीन मोठे झोत. पहिल्यांदा फक्त फाटलेल्या जागा निवडून त्यांवर डी-क्लिप (छाटलेले माथे पुन्हा जोडणारं साधन) चालवा, पूर्ण ट्रॅकवर नाही. मग हाय-पास, 100 हर्ट्झवर, प्रति सप्तक (सूर निम्मा होईल तितक्या अंतराला) 24 डेसिबल उताराचा. अशा फिल्टरने 50 हर्ट्झला सुमारे 24 डेसिबलची घट होते, म्हणजे शांत वाऱ्याची धडधड गेलीच. झोतांच्या जागी मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे फिल्टर 160 ते 180पर्यंत वर न्या आणि झोत संपला की परत खाली आणा; ऑटोमेशनने (सेटिंग वेळेनुसार बदलत जाण्याच्या सोयीने) अर्ध्या सेकंदाचा हलका उतार द्या म्हणजे बदल कानाला टोचत नाही. मूळ सूरच कापला गेला तर माणसाचा आवाज ओळखू येणार नाही, अशी भीती वाटते, पण कान त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा वरच्या पटींवरून तो सूर भरून काढतो. जुनी टेलिफोन लाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच नेत असे आणि तरी पहिल्या शब्दाला कोण बोलतंय ते कळायचं. हाताने ऑटोमेशन करायचा कंटाळा असेल तर डायनॅमिक ईक्यू (ठरावीक सुरांचा जोर वाढला तरच ते दाबणारं साधन) 200च्या खालच्या पट्ट्यावर लावा. तो झोत आल्यावरच दाबतो. आयझोटोप आरएक्स या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरच्या वरच्या आवृत्तीत वाऱ्यासाठी खास डी-विंड मॉड्यूल आहे, ते साधारण हेच अधिक हुशारीने करतं.

आवाज कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माईकवरच असेल तर एक युक्ती फार कमी जण वापरतात. समोरून आलेलं बोलणं दोन्ही चॅनलवर जवळपास सारखं असतं, पण वाऱ्याचे भोवरे प्रत्येक माईकवर स्वतंत्र असतात. दोन्ही चॅनल मिसळून मोनो केला की बोलणं वाऱ्याच्या तुलनेत सुमारे 3 डेसिबल वर येतं. आणि एखाद्या झोतात एकच बाजू बिघडली असेल तर तेवढ्यापुरती चांगली बाजू दोन्हीकडे कॉपी करा. पैसा लागत नाही, बोलण्याची नासाडी होत नाही.

आता नॉइज रिडक्शन. ऑडॅसिटीमधलं असो की ॲडोबी ऑडिशनमधलं, नमुना घेऊन काम करणारं हे साधन एकसारख्या गोंगाटासाठी आहे: पंखा, सिस्स, दूरची घरघर. वारा क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे त्याचा नमुना देणं निरर्थक आहे. पाण्याखालचा आवाज येतो तो बहुतेक इथूनच. आधी वारा फिल्टरने काढा, मग मुद्दाम घेतलेल्या शांत मिनिटातला नमुना द्या आणि 6 ते 10 डेसिबलवर थांबा. एकदा जोरात चालवण्यापेक्षा दोनदा हलक्या हाताने चालवलेलं बरं वाटतं.

वीजपुरवठ्याच्या गुणगुणीसाठी 50 हर्ट्झ आणि तिच्या पटी, 100, 150, 200, अशा अरुंद खाचा पाडायच्या. जिथे वीज 60 हर्ट्झची आहे तिथे 60 आणि तिच्या पटी. जनरेटरच्या बाबतीत हे अनेकदा फसतं, कारण भार बदलला की इंजिनाचा वेग हलतो आणि घरघर खाचेतून निसटते. तिथे नमुनावालं रिडक्शनच बरं.

कॉलर माईकचा ट्रॅक आणि कॅमेऱ्याचा ट्रॅक दोन्ही चालू ठेवून आवाज भरदार होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. दहा मीटरवरच्या कॅमेऱ्यावर तोच शब्द 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही मिसळले की पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज होतो. बोलण्यासाठी एकच ट्रॅक ठेवा. लांबलचक विधीत वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळापासून हळूहळू सरकतं, तेव्हा सुरुवातीला जुळलेला ट्रॅक शेवटीही जुळतोय का ते बघा.

एआयवाली साधनं

दा विंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतलं व्हॉइस आयसोलेशन, ॲडोबीचं एन्हान्स स्पीच आणि तत्सम साधनांनी हे काम खरंच बदलून टाकलं आहे. बदलत्या वाऱ्यावर आणि गर्दीवर जुन्या पद्धतीच्या रिडक्शनपेक्षा ती कितीतरी सरस आहेत. माझा आक्षेप त्यांना पूर्ण ताकदीने सोडण्यावर आहे. मागच्या माणसाचं बोलणं हेही त्यांना बोलणंच वाटतं, म्हणून शेजारच्या खुर्चीवरचा गप्पिष्ट पाहुणा तसाच राहतो. उलट हुंदका, दाबलेलं हसू, कापरा झालेला श्वास हे त्यांना गोंगाट वाटतं आणि ते पुसलं जातं. लग्नाच्या व्हिडिओत घरच्यांना नेमकं तेच हवं असतं. शब्दाच्या शेवटचा ह किंवा हळू उच्चारलेला स गिळला जातो. वाद्यं तर विचारूच नका.

म्हणून मूळ ट्रॅक आणि साफ केलेला ट्रॅक एकाखाली एक ठेवा आणि साफ केलेल्यात मूळ थोडा मिसळा, किंवा साधनाची मात्राच निम्म्याच्या आसपास ठेवा. साफसफाईमुळे काही ट्रॅक किंचित पुढे-मागे सरकतात, तेव्हा मिसळण्याआधी दोन्ही नीट जुळवा, नाहीतर वर सांगितलेला पोकळपणा इथेही येतो. हाय-पास मात्र या साधनांच्या आधीच लावा. त्यांना कमी झगडावं लागलं की बोलणं जास्त वाचतं.

साफ केलेल्या बोलण्यातल्या फटी इतक्या सुन्न होतात की बघणाऱ्याला काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. त्या मिनिटभराच्या रेकॉर्डिंगचा उपयोग इथे: ते बोलण्याच्या 15 ते 20 डेसिबल खाली अखंड पसरून द्या. पक्षी, हलकी कुजबुज, दूरचं हसू चालेल. कापाकापीचे सांधेही त्याखाली झाकले जातात.

काही केल्या वाचत नसेल

काही तुकडे वाचत नाहीत, आणि त्यांच्यावर चार तास घालवण्यात अर्थ नाही. शब्द कळतात पण आवाज वाईट आहे, असं असेल तर तो तुकडा छोटा ठेवा, खाली संगीत घ्या आणि शब्द पडद्यावर लिहा. वाचता वाचता ऐकलं की खराब आवाजही बराच स्पष्ट वाटतो. शब्दच कळत नसतील तर त्या दोघांना सांगा आणि शपथ पुन्हा वाचून घ्या. शांत खोलीत, पडदे ओढून, तोच कॉलर माईक लावून, शक्यतो त्याच आठवड्यात, कारण भाव अजून ताजा असतो. ओठ जवळून दिसत असलेल्या शॉटवर हा आवाज जुळणार नाही. हातांचे, मागून घेतलेले, पाहुण्यांच्या चेहऱ्यांचे शॉट त्यावर टाका आणि खाली लग्नाच्या जागेचं तेच मिनिटभराचं वातावरण पसरा.

शेवटची तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर करा, कारण हा व्हिडिओ बहुतेक नातेवाईक तिथेच बघणार आहेत. एकूण पातळी उणे 14 लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाच्या एककाच्या) आसपास आणि टोकं उणे 1 डेसिबलच्या खाली असली की यूट्यूबला पुरे. मूळ, न साफ केलेल्या ऑडिओ फाइली डिलिट करू नका. ही साधनं दरवर्षी सुधारतायत आणि आज सोडून दिलेला तुकडा पुढच्या आवृत्तीत निघूही शकतो.